दिसणे आणि असणे

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या आठवीच्या मुलांची सहल खालापूर तालुक्यात चौकनजीक असलेल्या एन. डी. स्टुडिओ नामक चित्रनगरीस गेली होती. विख्यात कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली ही चित्रनगरी उभारिली आणि २००८ साली प्रदर्शित झालेल्या 'जोधा अकबर' या चित्रपटासाठी मोगल बादशहाच्या किल्ल्याचा व महालांचा देखावा येथेच रचण्यात आला होता. आमच्या मुलांपैकी आग्रा कोणीच पाहिले नव्हते. त्यामुळे त्या उंच भिंती, त्या कमानी आणि ते नक्षीदार खांब पाहून त्यांच्या डोळ्यांचे पारणे फिटले. इतक्यात एक चौकस मुलगा कोणाचे लक्ष नाही असे पाहून भिंतीच्या मागल्या बाजूस गेला आणि धावत परत येऊन मोठ्याने म्हणाला, "सर, मागे काहीच नाही! नुसते बांबू नि फळ्या आहेत!"

सारी मुले हसली व त्याच्या मागोमाग गेली. पाहतात तो खरोखरच मागे बांबूंचा व लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी तक्ते आणि तक्त्यांवर प्लॅस्टरचा पातळ लेप! दगड म्हणून जो दिसत होता त्यावर एकाने टिचकी मारिली, तो पोकळ आवाज आला. मुलांस मोठी मौज वाटली. आम्हांस मात्र परतीच्या वाटेवर काही वेगळेच विचार सुचू लागले, व ते या वार्षिकाच्या द्वारे विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडावे असे तेव्हापासून मनात होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चित्रपटाचा देखावा हे असत्य नव्हे. तो रचणारा आपण खरा किल्ला बांधीत आहोत असे म्हणत नाही, आणि पाहणाराही तो खरा मानून फसत नाही. नाटकात राजाचे काम करणारा नट पडदा पडल्यावर मुकुट उतरून ठेवितो व आपल्या घरी जातो. आपल्या मराठी भाषेने यासाठी फार मार्मिक असे दोन शब्द ठेविले आहेत. एक 'सोंग' आणि दुसरा 'ढोंग'. सोंग सर्वांच्या देखत घेतात, व सर्वांच्या देखत उतरवितात. ढोंग लपवून घेतात, आणि ते उतरविण्याची सोय नसते. शुभवर्तमानात प्रभू येशूने ज्या लोकांस सर्वांत कठोर शब्द लाविले ते चोर अथवा जकातदार नव्हते, ते ढोंगी होते. मूळ ग्रीक भाषेत त्यासाठी जो 'हुपोक्रितेस' हा शब्द आला आहे त्याचा अर्थच मुळी 'रंगभूमीवरील नट' असा आहे. जो घरात, बाजारात आणि मंदिरातही मुकुट उतरवीत नाही असा नट, हा त्यातील भाव. बाहेरून चुना दिलेल्या व आत अस्थींनी भरलेल्या कबरींची जी उपमा प्रभूने दिली, तीही याच जातीची.

आता कोणी म्हणेल की, ढोंगी म्हणजे मोठमोठे लबाड लोक. आम्हां साध्यासुध्या कर्जत-खालापूरकरांचा त्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की, संबंध फार निकटचा आहे. ढोंग हे नेहमी लबाडीतूनच जन्मते असे नाही. पुष्कळदा ते भीतीतून जन्मते. 'लोक काय म्हणतील?' या तीन शब्दांच्या भीतीने आपल्या तालुक्यातील जितकी घरे कर्जात बुडाली आहेत तितकी दुष्काळाने वा पुराने बुडाली नसतील असे आम्हांस वाटते.

आपला प्रदेश मोठा चमत्कारिक जागी वसला आहे. एका अंगास मुंबई व दुसऱ्या अंगास पुणे. लोहमार्ग तर १८६३ पासून बोरघाट चढून जात आहे आणि द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण होऊन खालापुरावरून धावू लागला. शहरातील श्रीमंतीचे दर्शन आम्हांस रोज घडते. शनिवार आला की गाड्यांची रांग लागते, डोंगराच्या पायथ्याशी बांधलेल्या बंगल्यांतून दिवे लागतात, आणि भाताच्या खाचरात चिखलणी करणारा शेतकरी व त्याची मुले बांधावर उभी राहून ते पाहतात. पाहण्यात पाप नाही. परंतु पाहता पाहता मनात तुलना शिरते, तुलनेतून लाज उत्पन्न होते, आणि लाजेतून दिखावा. गावातल्या गावात मग एक निराळीच शर्यत सुरू होते. अमक्याच्या घरी हळदीस दोनशे पाने उठली, तर आमच्या घरी पाचशे उठली पाहिजेत. अमक्याने वाद्यवृंद आणिला, तर आम्ही भिंती हादरविणारे यंत्र आणू. आपल्याकडे हळदीचा समारंभ हा लग्नाहूनही मोठा होऊ लागला आहे, आणि त्यासाठी काढलेले कर्ज वधूवरांची मुले शाळेत जाऊ लागली तरी फिटत नाही, ही गोष्ट आम्ही ऐकीव म्हणून सांगत नाही. आमच्याच वर्गातील मुलांच्या शुल्काच्या थकबाकीवरून ती आम्हांस कळली आहे.

जमिनीची गोष्ट याहून दुःखाची. जमिनीस भाव आला तेव्हा कित्येकांनी वाडवडिलांची शेते विकिली. विकणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे, व कित्येकांनी त्या पैशांतून मुलांस शिकविले, पक्की घरे बांधिली, हेही खरे. परंतु ज्यांनी तो पैसा केवळ दिसण्यासाठी, म्हणजे चारचाकी गाडी, गळ्यातील साखळी आणि गावजेवण यांसाठी, खर्चिला त्यांची आजची स्थिती काय आहे? ज्या शेतात बापाने नांगर धरिला त्याच शेतावर आता कुंपण पडले आहे, आणि मुलगा त्या कुंपणाच्या फाटकावर रखवालदार म्हणून उभा आहे. रखवाली हा प्रामाणिक धंदा होय, त्यास आम्ही तिळमात्र हलका मानीत नाही. खेद वाटतो तो एवढाच की, मालक म्हणून मिरविण्याच्या हौसेने खरे मालकपण गेले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. हप्त्यांची सोय झाल्यापासून मात्र पैशाचेही सोंग काही महिने आणता येऊ लागले आहे, आणि तेच अधिक घातक ठरले आहे.

विद्यार्थीमित्रांनो, येथवर वाचून तुम्हांस वाटेल की हा सारा उपदेश वडीलधाऱ्यांसाठी आहे. तसे नाही. दिखाव्याची पहिली इयत्ता शाळेतच भरते. भ्रमणध्वनी नवा नसेल तर तो खिशातून न काढणे, दुसऱ्याच्या दुचाकीवर बसून आपले छायाचित्र काढून घेणे, घरी बोलतो ती बोली शाळेत कोणी ऐकू नये म्हणून दबकत बोलणे, गणित समजले नसताना मान डोलविणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे आईबापांच्या धंद्याविषयी खोटे सांगणे, हे सारे आम्ही वर्गात पाहतो. ते आम्हांस चटकन ओळखता येते. याचे कारण आमची बुद्धी सूक्ष्म आहे हे नव्हे, तर आम्ही स्वतः त्या वाटेने गेलो आहोत हे आहे. ती हकीकत सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. परंतु खरेपणावर लेख लिहून स्वतःचे झाकून ठेवणे हे योग्य होणार नाही.

आमचे वडील रेल्वेत होते. घाटविभागात 'हिल गँग' म्हणून ओळखली जाणारी जी कामगारांची टोळी असते, तीत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढिली. हे काम काय असते हे आगगाडीच्या खिडकीतून धबधबे पाहणाऱ्यांस सहसा ठाऊक नसते. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका उभा आहे, आणि मार्गाच्या अंगावर कड्यांची भिंत उभी आहे. पावसाळ्यात या कड्यांवरून धोंडे सुटून रुळांवर येतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीच या टोळीने कमरेस दोर बांधून कड्यावर उतरावयाचे, कोणता दगड सैल झाला आहे ते हुडकावयाचे, पहारीने तो उचकटावयाचा आणि मार्ग मोकळा असेल अशा वेळी खाली पाडावयाचा. ठाकूरवाडी ते मंकी हिल या टप्प्यातील कडे आमच्या वडिलांस घरच्या भिंतींप्रमाणे पाठ होते.

आम्ही पदवीच्या शिक्षणासाठी मिशनच्या वसतिगृहात राहावयास गेलो, तेव्हा सोबतचे विद्यार्थी कोणी वकिलाचे, कोणी डॉक्टरांचे, कोणी धर्मगुरूंचे चिरंजीव होते. पहिल्याच रात्री वडील काय करितात असा प्रश्न निघाला. आम्ही म्हणालो, "रेल्वेत आहेत, स्टेशनमास्तर." अर्धे खरे आणि अर्धे खोटे असे ते वाक्य होते. अर्धे खरे असल्यामुळे ते बोलताना जीभ अडखळली नाही. पुढे त्या एका वाक्याच्या रक्षणासाठी आणखी किती वाक्ये रचावी लागली याची गणती नाही. स्टेशन कोणते, बंगला केवढा, सुट्टीत आम्हांस तिकडे केव्हा नेतोस, असे एकामागून एक प्रश्न येत गेले आणि एकामागून एक फळी ठोकीत आम्ही तो पोकळ किल्ला उभा केला.

दिवाळीपूर्वी एके दिवशी वडील आम्हांस न कळविता भेटीस आले. अंगात धुतलेला परंतु जुना सदरा, हातात फराळाचा डबा. त्यांचे ते पहारीने घट्टे पडलेले हात दारातच आमच्या सोबत्याच्या दृष्टीस पडले. तो सभ्य मुलगा होता. त्याने नमस्कार करून विचारिले, "काका, आपण स्टेशनमास्तर ना?" वडिलांनी आमच्याकडे एकवार पाहिले. आम्ही मान खाली घातली. एक क्षणभर थांबून ते म्हणाले, "हो बाळा, रेल्वेतच आहे." मग फराळाचा डबा आमच्या हाती देऊन, गाडीची वेळ झाली असे सांगून ते निघून गेले. पाणीसुद्धा घेतले नाही.

ज्या गृहस्थाने जन्मात कधी खोटी सही केली नाही, त्यास आमची लाज राखण्यासाठी अर्धे असत्य बोलावे लागले. आम्ही ढोंग केले ते केलेच, वर एका सत्यवचनी माणसास त्यात भागीदार केले. त्यानंतर ते वसतिगृहावर पुन्हा आले नाहीत. आमच्या पदवीदान समारंभास यावे असे आम्ही लिहिले, तेव्हा रजा मिळत नाही असे त्यांनी कळविले. रजा मिळाली असती, हे आम्हांस ठाऊक होते. आज ते हयात नाहीत. त्यांची क्षमा आम्ही मागितली होती, त्यांनी ती दिलीही होती. परंतु त्या समारंभात आमच्या शेजारची जी खुर्ची मोकळी राहिली ती मोकळीच राहिली. दिखाव्याची किंमत पैशांत मोजणाऱ्यांनी हाही हिशेब लक्षात घ्यावा.

याउलट ज्यांनी आपले खरे रूप झाकले नाही अशा माणसांची परंपरा आपल्या महाराष्ट्रात थोर आहे. आपल्या संतांची नावेच पाहा. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. त्यांनी आपला धंदा नावामागे लपविला नाही, उलट तो नावासच जोडला गेला, आणि पंढरीच्या वाटेवर आज शेकडो वर्षे तो त्यांच्या नावासह आदराने उच्चारिला जातो.

आणि इतके दूर तरी कशास जावे? आपल्याच कर्जत तालुक्यातील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांचे चरित्र प्रत्येक मुलास पाठ असावयास हवे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका न्हावी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माथेरान म्हणजे धनिकांचे हवा खाण्याचे ठिकाण. बंगलेवाले निराळे व त्यांची चाकरी करणारे निराळे, हा भेद त्या गावी लहानपणापासून डोळ्यांसमोर असणारच. अशा ठिकाणच्या गरीब मुलाने वकिलीची पदवी मिळविली तेव्हा त्यास साहेबी थाटात राहणे सहज शक्य होते. परंतु त्यांनी आपली विद्या या तालुक्यातील शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या पदरात टाकिली. सावकाराच्या पाशातून कुळे सुटावीत म्हणून धान्यकोठ्या काढिल्या आणि खेड्यापाड्यांत शाळा चालविल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारिला, व २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते व हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. त्यांच्या पराक्रमाचे पोवाडे होतात ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या पराक्रमामागील एक साधी गोष्ट अधिक शिकण्यासारखी वाटते. ज्या लोकांतून आपण वर आलो त्या लोकांपासून त्यांनी तोंड फिरविले नाही. संकटकाळी या डोंगरातील गोरगरिबांनी त्यांस आपले मानिले, कारण त्यांनी आधी त्या गोरगरिबांस आपले मानिले होते.

आता आमच्या ख्रिस्ती समाजाकडे वळू, कारण दुसऱ्याच्या घरातील केर दाखविणाऱ्याने आपले अंगण झाडलेले असावे. मागील शतकांत आमच्यातील कित्येकांनी प्रभूबरोबर साहेबाची टोपी आणि त्याची पाटलोणही स्वीकारिली, व मराठी बोलण्यात कमीपणा मानिला. नारायण वामन टिळक यांनी या गोष्टीविरुद्ध जन्मभर झगडा केला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी आप्तेष्ट तुटले, काही वर्षे पत्नीचाही वियोग सहन करावा लागला. परंतु ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मराठीपण टाकिले नाही. भजन, अभंग व कीर्तन यांच्या द्वारेच त्यांनी ख्रिस्तभक्ती गाइली, आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरीही सोडून दिली. आत जे होते तेच बाहेर दिसावे यासाठी त्यांनी दोनदा सर्वस्व पणास लाविले. एकदा धर्मांतराच्या वेळी आणि दुसऱ्यांदा नोकरीच्या त्यागाच्या वेळी.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. या बाईंस शाळेचे शिक्षण असे जवळजवळ नव्हतेच. तरीही मराठी गद्यातील श्रेष्ठ ग्रंथांत या पुस्तकाची गणना होते, ती कशाच्या बळावर? आमच्या मते तिच्या निर्भय खरेपणाच्या बळावर. आपले अज्ञान, आपले सोवळ्याओवळ्याचे वेड, नवराबायकोची भांडणे, घरातील दारिद्र्य, स्वतःची झालेली फजिती, यांपैकी काहीही त्यांनी झाकलेले नाही, आणि कोठे स्वतःची कीव करून घेतलेली नाही. त्या स्वतःस हसतात व वाचकासही हसवितात. आपल्या फजितीवर जो मोकळेपणाने हसू शकतो त्यास लोक काय म्हणतील याची भीती उरत नाही.

पवित्र शास्त्रात प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या व सप्पीरा या दांपत्याची कथा आहे. त्यांनी आपली जमीन विकून काही रक्कम मंडळीस आणून दिली व काही मागे ठेविली. पुष्कळांस वाटते की, पैसे मागे ठेविले हा त्यांचा अपराध. तसे नाही. जमीन त्यांची होती, विकल्यावर पैसाही त्यांचाच होता, असे पेत्र स्वतः त्यांस स्पष्ट सांगतो. अपराध हा की, थोडे देऊन सर्वस्व दिल्याचा देखावा त्यांनी केला. देवास आपली अल्प देणगी चालते, खोटा आव चालत नाही.

या कथेची आठवण आम्हांस २०२३ च्या जुलै महिन्यात झाली. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. पंचवीसहून अधिक मृतदेह हाती लागले, आणि पन्नासहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली राहिली ती कायमचीच. वाडीस गाडीरस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांस भर पावसात, चिखलातून, डोंगर चढून पायी जावे लागले. त्या दिवसांत मदतीचा ओघ लोटला, ही मोठ्या समाधानाची गोष्ट. परंतु एक कांबळे चार हातांनी धरून छायाचित्र काढून घेणारेही तेव्हा दिसले. आमच्या शाळेतही वस्तू गोळा केल्या व देणाऱ्यांची यादी फळ्यावर लाविली. एका ठाकूर समाजाच्या मुलाने आपली एकुलती एक घोंगडी आणून दिली आणि म्हणाला, "सर, नाव नका लिहू. तिथे आमची सोयरी माणसं होती." ती यादी आम्ही दुसऱ्याच दिवशी फळ्यावरून पुसून टाकिली. उजवा हात काय देतो ते डाव्यास कळू नये, हा धडा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविला होता. त्या दिवशी तो आम्हांस एका विद्यार्थ्याने शिकविला.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे, व तो विचारात घेणे अवश्य आहे. कोणी म्हणेल, "खरे दिसावे म्हणून काय आम्ही फाटके नेसावे? मनात येईल ते तोंडावर बोलावे? घरची सारी दुःखे चव्हाट्यावर मांडावी?" नव्हे, मुळीच नव्हे. गरिबाने आपला एकच सदरा धुऊन, इस्त्री करून घालावा, यात दिखावा नाही, स्वाभिमान आहे. पाहुणा आला असता घर झाडून ठेवावे, हा आदर आहे. मनात राग असता गोड बोलण्याचा प्रयत्न करणे हाही पुष्कळदा ढोंग नसून संयम असतो. आणि ज्यास त्यास आपल्या अडचणी सांगत सुटणे हे खरेपणाचे लक्षण नव्हे. झाकणे वेगळे आणि खोटे दाखविणे वेगळे. दार लावून घेण्याचा अधिकार प्रत्येक घरास आहे. नसलेली माडी रंगवून दाखविण्याचा नाही. 'मी आपला स्पष्टवक्ता आहे' असे म्हणून दुसऱ्याचे मन दुखविणारा मनुष्यही बहुधा आपल्या स्पष्टपणाचा दिखावाच करीत असतो.

मग ओळखावे कसे? आमच्या मते याची एक साधी कसोटी आहे. जे आपण जगास दाखवीत आहोत त्याच्या मागल्या बाजूस कोणी जाऊन पाहिले, तर आपणांस भीती वाटेल काय? वाटत नसेल तर कपडा कितीही भारी असो, तो आपलाच आहे. वाटत असेल, तर तो कितीही साधा असो, ते ढोंग आहे. कारण आता साधेपणाचाही दिखावा होऊ लागला आहे, हे विसरता कामा नये.

ही कसोटी आम्हां शिक्षकांस प्रथम लागू आहे. आम्ही पूर्वी ज्या एका शाळेत होतो तेथे तपासणीच्या दिवशी मुलांस असे शिकवून ठेवीत की, ज्यास उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करावा आणि ज्यास येत नसेल त्याने डावा. तपासनीस आले की सारा वर्ग हात वर करी, उत्तरे अचूक येत, आणि शेरा उत्तम मिळे. त्या दिवशी मुले इतिहास वा भूगोल शिकली नसतील, परंतु फसवावे कसे हे खास शिकली. आम्हीही त्या वर्गात उभे होतो व गप्प होतो. पुढे तीच मुले परीक्षेत नक्कल करताना सापडली, तर त्यांस छडी दाखविण्याचा आम्हांस अधिकार काय?

म्हणून पालकांस आमची विनंती अशी आहे. मुलांपासून घरची परिस्थिती लपवू नका. महिन्याची मिळकत किती, तांदूळ-डाळीस किती जाते, हप्ता किती, हे आठवीनववीच्या मुलास शेजारी बसवून सांगा. तो हट्ट कमी करील, आणि तुमच्याविषयी त्याचा आदर वाढेल. लग्नकार्य करावयाचे असेल तर अंथरूण पाहून पाय पसरा. जेवून गेलेले लोक चार दिवस वाखाणतात. कर्ज देणारा मात्र चार वर्षे विसरत नाही. आणि आपल्या धंद्याची मुलांदेखत निंदा करू नका. "आमच्यासारखे हाल तुझ्या वाट्यास न येवोत" असे म्हणताना "हे काम हलके आहे" असे त्याच्या मनावर ठसत नाही ना, एवढे पाहा.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडे आहे. समजले नसेल तर 'समजले नाही' म्हणा. पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांस आपल्या कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात, आणि ती सर्व प्रवाशांच्या देखत जोडतात. चढ मोठा आहे, एकट्याने होणार नाही, हे मान्य करण्यात गाडीस कमीपणा येत नाही. न मान्य केले तर ती घाटातच अडकेल. आपल्या मित्राच्या घरी जुना पंखा, मातीची जमीन दिसली तर हसू नका. कारण दिखावा करणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दोष हसणाऱ्याचा आहे. हसणारे नसते तर झाकणारेही नसते. आणि कोणी वडिलांचा धंदा विचारिला तर मान वर करून सांगा.

आमच्या वडिलांचे एक बोलणे सांगून हा लेख पुरा करितो. कड्यावरील दगडांविषयी ते म्हणत, "नुसता बघून धोंडा कळत नाही. वरून धड दिसतो तोच आतून सुटलेला असतो. पहार लावून बघावी लागते." जीवनात ती पहार आज ना उद्या प्रत्येकास लागतेच, आजारपणात, आपत्तीत, निदान वृद्धपणी तरी. तेव्हा जे डगमगणार नाही तेच खरे आपले, बाकीचे प्लॅस्टर.

या वर्षीचे स्नेहसंमेलन आता जवळ आले आहे. त्या दिवशी ज्या पालकांस कामावरून परस्पर यावे लागेल त्यांनी कपडे बदलण्यासाठी घरी जाऊन उशीर करू नये. चिखलाचे पाय असोत, तेलाचे हात असोत, जसे असाल तसे या. तुमच्यासाठी पुढील रांगेत खुर्ची राखून ठेविली आहे, आणि ती मोकळी राहू नये अशी आमची मनापासून प्रार्थना आहे.